पोपट काय बोलतो?

मुख्याध्यापकांच्या पोपटाने छातीवरची पिसं चावून चावून पार उपटून टाकली, तेव्हा सर आणि बाई, म्हणजे सरांच्या पत्नी, त्याला घेऊन जनावरांच्या दवाखान्यात गेले. पिंजरा बाईंच्या मांडीवर होता. डॉक्टरीण सरांचीच जुनी विद्यार्थिनी निघाली, त्यामुळे सरांची कॉलर जरा ताठ झाली.

तिने पोपटाला नीट तपासलं. "सर, रोगबिग काही नाही. कंटाळलाय बिचारा. कुरतडायला मऊ लाकडाचे तुकडे द्या, दाणे कागदात गुंडाळून ठेवा, म्हणजे शोधण्यात त्याचा वेळ जाईल. आणि मुख्य म्हणजे त्याच्याशी बोला. घरी बोलतं का कोणी?"

"म्हणजे काय! आमचं घर मोठं बोलकं आहे," सर म्हणाले.

"मग काय काय शिकलाय हा?" तिने पोपटाला चुचकारलं. "बोल रे राजा!"

पोपटाने मान वाकडी केली आणि हुबेहूब सरांच्या आवाजात खेकसला, "तोंड बंद ठेव! तुला काय कळतंय?"

दाराशी ताटकळलेली माणसं वळून बघायला लागली. सरांच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"घरी शिकवणीला मुलं येतात ना," ते कसनुसं हसत म्हणाले, "त्यांच्यावर ओरडतो, तेच उचललं यानं."

डॉक्टरीणही हसली. लहानपणी तिनेही ही बोलणी खाल्ली होती.

 

सरांना मात्र शेजारी बघायचा धीर झाला नाही, कारण आता पोपट बाईंच्या आवाजात, अगदी हळू म्हणत होता, "बरं. चुकलं माझं."