गांडुळांचा उपास

सकाळी झाकण उघडलं, तर गांडुळं डब्याच्या कडांवर चढून बाहेर पडायला बघत होती.

सुनेचं हे खताचं खूळ. उन्हाळ्यात त्यांना ओलं गोणपाट, पावसात प्लास्टिकचा आडोसा, थंडीत माझी जुनी गोधडी! मी बाल्कनीकडे फिरकतही नसे. पण काल ऑपरेशनसाठी दवाखान्यात जाताना ती एवढंच म्हणाली, “आई, त्यांच्याकडे बघाल ना?”

बघितलं की! उपाशी राहू नयेत म्हणून संध्याकाळी उरलेली आमटी, लिंबाच्या साली, वर लोणच्याचा खारही घातला. पाहुण्यांना वाढावं तसं. तेच त्यांना भोवलं.

आता विचारू कुणाला? ती ऑपरेशनच्या टेबलावर. मी पदर खोचला, हातानेच डब्यातलं आंबट-खारट सगळं उपसलं, ओल्या वर्तमानपत्रांची गादी केली आणि एकेक गांडूळ उचलून त्यावर ठेवलं. मध्येच फोन बघायचा, पुन्हा डबा. फोन गप्पच.

दुपारी फोनवर मुलाचा आवाज आला. “आई, केतकी शुद्धीवर आली. बरी आहे. गांडुळं कशी आहेत विचारतेय.”

गांडुळं हळूहळू कागदाखाली शिरत होती. मातीच्या हातानेच मी फोन घट्ट धरला.

“सांग तिला, माझ्याबरोबर त्यांनाही आज उपास आहे.”