लिंबाएवढा फ्लोरीन

"सर, फ्लोरीन यांच्यात सगळ्यात लहान असतो हो," दहावीतली केतकी कळवळून म्हणाली. विज्ञान प्रदर्शनातल्या तिच्या चार अणूंच्या मॉडेलवरच्या नावांच्या चिठ्ठ्या चित्रकलेच्या बेलसरे सरांनी स्वतःच्या अक्षरात नव्याने लिहून उलट्या क्रमाने गोळ्यांवर चिकटवल्या होत्या. आता फुटबॉलएवढ्या गोळ्यावर फ्लोरीन होता आणि लिंबाएवढ्यावर आयोडीन.

"अगं, इलेक्ट्रॉन सगळ्यात जोरात फ्लोरीन ओढतो, असं तूच लिहिलंयस ना? मग पैलवान लिंबाएवढा? परीक्षक हसतील तुला."

"तीच तर गंमत आहे ना, सर. अणू लहान, म्हणून इलेक्ट्रॉनला केंद्रक जवळ पडतं आणि ओढ वाढते. आयोडीन नुसता फुगलाय, त्याचं केंद्रक पार आत राहतं."

"पाठांतर छान आहे हं," सर लाडाने म्हणाले.

केतकीचा नुसता संताप झाला. चिठ्ठ्या नखाने खरवडाव्यात, तर कागदाच्या लगद्याच्या गोळ्यांचा रंगच निघून येत होता. तीन आठवडे खपून केलेलं मॉडेल, जिल्ह्याला जायची एकच संधी, आणि परीक्षक मॅडम समोर येऊन उभ्यासुद्धा राहिल्या.

"हा एवढा मोठा फ्लोरीन?" त्यांनी विचारलं.

"हो मॅडम, सगळ्यात ताकदवान," सर हौसेने म्हणाले.

केतकीने लाल स्केचपेन उचललं आणि सरांच्या सुबक अक्षरातल्या चारही चिठ्ठ्यांवर काट मारली. "मॅडम, मॉडेल चुकलंय. पण बरोबर काय ते मला येतं."

मॅडमनी 'मांडणी'च्या रकान्यात शून्य लिहिलं, मग पेन खाली ठेवून म्हणाल्या, "सांग."