शिवेवरची खाट
विधवा डॉर्कसच्या खोपटाच्या मधोमध दोन गावांची शीव होती. म्हातारीला कुठल्या गावच्या चर्चनं पोसायचं, यावर वर्षभर भांडण चाललं. शेवटी कोर्टानं निकाल दिला: झोपताना डोकं ज्या गावात, त्या गावानं पाव द्यायचा. आज दोन्हीकडचे कारभारी, थ्वेट आणि पिकरिंग, आले. थ्वेटनं जमिनीवर खडूनं शीव आखली. पिकरिंगनं निजलेल्या डॉर्कससकट खाट फिरवली. “उशी तुमच्या गावात आली. सांभाळा!” “वा, मोठे शहाणे!” थ्वेटनं खाट परत फिरवली. चौथ्या फेरीला तिला भोवळ आली. कालपासून पोटात अन्नाचा कण नव्हता. “म्हातारे, तूच सांग,” पिकरिंग धापा टाकत म्हणाला, “डोकं कुठं ठेवतेस?” डॉर्कसनं उशी काढून त्याच्या हातात कोंबली. “ही घ्या, मेल्यांनो! भूक काय डोक्याला लागते?” खाट इतकी फिरली, तरी खडूची रेघ तिच्या पोटाखालीच होती.