पॅसेजमधला गोल

फुटबॉल टीमचा कॅप्टन, परीक्षेत पहिला, शिवाय हॉस्पिटलातल्या आजारी मुलांची रोज शिकवणी घेणारा. कॉलेजची मानाची ढाल त्यालाच मिळाली.

“अरे, एवढा वेळ काढतोस कुठून?” प्राचार्यांनी कौतुकाने विचारलं. तो नुसता हसला.

समारंभाला आलेल्या आईला उत्तर माहीत होतं. धाकटी बहीण हॉस्पिटलातून परत आलीच नाही, तेव्हापासून तो घरी फक्त झोपायला यायचा. पॅसेजमध्ये त्याचे बॉल तीच अडवायची, आणि “घर आहे की मैदान?” म्हणून आई दोघांवर खेकसायची.

बाहेर येताच तो म्हणाला, “तू हो पुढे, मी लायब्ररीत जातो.”

आईने त्याची बाही धरली.

“आज घरी चल, राजा. पॅसेजमध्ये खेळ. मी उभी राहते गोलला.”