ने गं, ने गं

"नेगं... नेगं..." करत युतिंग पुन्हा अडकली आणि योगिनीने लॅपटॉपसमोर बोट हलवलं. हा शब्द नको. परीक्षेत तर मुळीच नको.

युतिंग राहायची चीनमध्ये, चेंगदूला. तिला पुढच्या शिक्षणासाठी इंग्लंडला जायचं होतं, आणि इंग्रजी बोलायच्या परीक्षेत तिला दोनदा थोडेच गुण कमी पडले होते. योगिनी ठाण्यात, वर्तकनगरातल्या आपल्या घरी, बेडरूमच्या कोपऱ्यात टेबल मांडून, लॅपटॉपवरून तिची तयारी करून घ्यायची. 'नेगं' म्हणजे चिनीत 'ते'. आपण शब्द सुचेना की 'ते हे... आपलं...' करतो, तसलंच. शांताबाईंना, म्हणजे योगिनीच्या सासूबाईंना, मात्र पहिल्या दिवसापासून ते 'ने गं, ने गं' असंच ऐकू यायचं. किती गयावया करते पोरगी, त्या स्वयंपाकघरातून म्हणायच्या, ने की एकदा तिला, कुठं जायचंय तिथं.

एरवी योगिनी हसली असती. पण आज टेबलाखाली तिचा मुलगा सम्यक बसला होता, गाडी उलटी करून तिची चाकं फिरवत. तीन वर्षांचा झाला, तोंडातून एक शब्द नाही. 'आई'सुद्धा नाही. डॉक्टरांनी कान तपासले. कान चांगले होते. काल माजिवड्याच्या बालवाडीत बाईंनी त्याला नाव विचारलं, ते योगिनीनेच घाईघाईने सांगून टाकलं. बाई म्हणाल्या, त्याला सांगू द्या. त्याने काही सांगितलं नाही. मग बाईंनी समजुतीने दोघांना परत पाठवलं. जरा बोलायला लागू दे, महिनाभर जागा ठेवते म्हणाल्या. घर येईपर्यंत रिक्षात योगिनी त्याला बस, कुत्रा, पूल, सगळ्यांची नावं सांगत होती. एक झालं की दुसरं.

"नाव सम्यक ठेवलंत, वाचा ठेवायची राहिली," काल हे ऐकल्यावर शांताबाई बुद्धाची 'सम्यक वाचा' आठवून म्हणाल्या. बोलून गेल्या, आणि मग स्वतःच डोळ्यांना पदर लावून संध्याकाळभर बुद्धविहारात जाऊन बसल्या.

योगिनीने युतिंगसमोर परीक्षेत असतं तसं विषयाचं नवीन कार्ड धरलं. ज्या व्यक्तीचे आभार मानावेसे वाटतात, तिच्याविषयी बोला. अडलीस तर अडलीस, तिने बजावलं. मधेच काहीतरी भरू नकोस. गप्प राहा, शब्द येऊ दे. मी आहे इथे.

युतिंग दोन वाक्यं बोलली आणि थांबली. योगिनीही थांबली. हे तिला फार छान जमायचं. समोरच्याच्या ओठांवर आलेला शब्द तिला दिसायचा, पण ती तो कधी उचलून हातात द्यायची नाही. हसऱ्या चेहऱ्याने नुसती बघत राहायची. पंखा फिरत होता. स्वयंपाकघरातही काही वाजत नव्हतं. घर कधी नव्हे इतकं शांत झालं.

"नेगं," टेबलाखालून आवाज आला.

पडद्यावर युतिंग खुदकन हसली. योगिनी खुर्चीतून उठली कधी आणि जमिनीवर बसली कधी, तिचं तिलाच कळलं नाही.

"काय म्हणालास? सम्यक, राजा, परत म्हण. नेगं म्हणालास ना? आई म्हण बघू. आ-ई. बरं, आजी म्हण. नाही तर नेगंच म्हण, चालेल, म्हण ना रे..."

सम्यकने ओठ घट्ट मिटले आणि पुन्हा चाकं फिरवायला घेतली.

योगिनी डोळे पुसून वर आली, युतिंगला सॉरी म्हणाली. पण मधल्या वेळात युतिंगला शब्द सापडले होते. ती सलग बोलू लागली, न अडखळता.

"आमच्याकडे सगळे हुशार आहेत. मी वाक्य सुरू केलं की वडील ते पूर्ण करतात. शाळेत बाई करायच्या. प्रेमानेच करतात सगळे. त्यामुळे माझं वाक्य कुठे जाऊन संपणार होतं, ते मलाच कधी कळलं नाही. मला माझ्या टीचरचे आभार मानायचेत. त्या थांबतात."

तेवढ्यात योगिनीचा गाऊन कुणीतरी ओढला. सम्यक टेबलाखालून बाहेर आला होता आणि स्वयंपाकघराकडे बोट दाखवत होता. भूक लागली का, दूध हवं का, बिस्कीट हवं का, थांब हं, देते हं, सगळं तिच्या जिभेवर तयार होतं. तिने जीभ दातांखाली धरली.

शांताबाई बोट बघूनच बिस्किटांचा डबा घेऊन दारात आल्या. "घे रे सोन्या," त्या म्हणणार, तोच योगिनीने त्यांचं मनगट धरलं. सासूबाईंचा हात तिने असा कधी धरला नव्हता. शांताबाई चमकल्या, पण गप्प राहिल्या. काय चाललंय ते युतिंगला कळत नव्हतं, तरी तीही मांडीवर हात ठेवून बसून राहिली.

सम्यकने आईकडे पाहिलं. आजीकडे पाहिलं. पडद्यातल्या मावशीकडे पाहिलं. कुणीच काही बोलेना. मग त्याने डब्याकडे बघून 'नाही' अशी मान हलवली.

"केयं," तो म्हणाला.

"केळं म्हणतोय गं," शांताबाई हळूच म्हणाल्या. डबा तिथेच पलंगावर टाकून त्या चपला शोधू लागल्या. योगिनी युतिंगला थँक्यू म्हणाली, पुन्हा म्हणाली, मग मराठीतच काय काय म्हणत राहिली. युतिंगला वाटलं, आपलं कार्ड चांगलं झालं.

घरात केळं नव्हतं. सम्यकला बिस्कीट आवडतं, असंच सगळे धरून चालले होते.