पायाखालचा लेप

सालूमच्या खाडीत, मांडीभर गढूळ पाण्यात यांदे थबकली. डाव्या पायाखाली काहीतरी सपाट, बुळबुळीत होतं आणि ते थरथरत होतं.

"आई!" तिनं सासूला हाक मारली. "पायाखाली काहीतरी आलंय."

मोसान लांब तिवरांच्या कडेला पायानं चिखल चाचपत होती. इथल्या बायका लेप नावाचा चपटा मासा असाच धरतात. पायाखाली आला की दाबून ठेवायचा, मग वाकून हात घालायचा. मोसानचं तर विचारूच नका. मिळालेला प्रत्येक लेप हात उंच करून साऱ्या खाडीला दाखवल्याशिवाय तिला चैन पडत नसे. पण पाकटही त्याच चिखलात तसंच सपाट पडून असतं, आणि त्याच्या शेपटीवर विषारी काटा असतो. यांदेची थोरली जाऊ त्या काट्यानंच गेली होती.

"वर्ष झालं लग्नाला, अजून लेप ओळखता येईना!" मोसान करवादली. "वालीनं अगदी शोधून आणलीय बायको. बोटांनी चाचप की, कडेला झालर लागते का?"

"नाही कळत. मला भीती वाटतेय हो, आई." यांदेला रडूच फुटलं. भरती लागली होती. पाय उचलावा तर काटा, न उचलावा तर पाणी.

चिखलातून पाय उपसत मोसान येईपर्यंत पाणी कमरेवर चढलं. तिनं श्वास कोंडून बुडी मारली. वर येताच तिनं यांदेचा दंड घट्ट धरला. मग नेहमीसारखी खेकसली.

"लेप आहे, वेडाबाई! एवढ्यासाठी बोंब मारलीस होय? थांब, तुझ्या पायाजागी माझा पाय ठेवते, नाहीतर निसटायचा. हं, सरक आता. हळू."

यांदे धडपडत वाळूच्या उंचवट्यावर पोचली, फतकल मारून बसली आणि रडता रडता हसायला लागली. वाचले बाई!

"दाखवा की, आई! केवढा आहे?"

मोसान वाकली नाही. पाणी तिच्या छातीला लागलं होतं.

"वालीला होडी घेऊन यायला सांग," ती म्हणाली. "धावत जा, पोरी. आणि तू परत पाण्यात पाय घालू नकोस."