दोन बांबू

वनखात्याच्या जीपचा आवाज आला तशी जैनीबाईने बांबूचा भारा झुडपात ढकलला, कुऱ्हाड लुगड्यात लपवली आणि मोहाच्या खोडाआड जाऊन बसली.

"माय, ऊठ ना वो," लेक दुंगा हसत म्हणाला. "जंगलाचा हक्क गावाले भेटला ना आता. कायले लपून रायली?"

गावच बांबू विकायला लागल्यापासून दुंगा मिरच्या तोडायला तेलंगणात गेला नव्हता. हे सगळं तिलाही ठाऊक होतं, पण जीप ऐकली की गुडघे आपोआप वाकायचे.

तरुण वनरक्षक खाली उतरला. "मावशी, ग्रामसभा कधी आहे? चौकीच्या कुंपणाला दोन बांबू हवेत. परवानगी मागायची होती."

दोनच बांबू तोडले म्हणून तिच्या नवऱ्याला एकदा याच वाटेवरून दोरीने बांधून नेलं होतं. दुंगाचं हसू मावळलं. तो आईकडे पाहत राहिला.

ती सावकाश उठली. उन्हाने लाल झालेल्या त्या वनरक्षकाच्या ओंजळीत तिने भोपळ्याच्या तुंब्यातलं पाणी ओतलं.

"सोमवारी ये, बापा. मीच सभेत उभी राहून सांगीन, देऊन टाका म्हणून."

घरी निघताना तिने लुगड्यातली कुऱ्हाड काढून खांद्यावर घेतली, नवरा घ्यायचा तशी.